मिनेसोटात द्राक्षबाग लावताय? जानेवारीपेक्षा मे महिन्याला घाबरा

तुमचा प्रश्न असा: धाकट्या भावाने अमेरिकेच्या उत्तरेत, मिनेसोटात पाच एकर बघून ठेवलीय, द्राक्षं लावून वाइन काढायचं मनात आहे, तर सुरुवात कुठून? मीही इंदूरचाच. मेव्हण्याच्या बागेत तिकडे चार हंगाम राबून गेल्या वर्षी परतलो, म्हणून लिहितो.

आधी नाशिकचं गणित डोक्यातून काढा. नाशकात एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वेल झोपतच नाही. मिनेसोटात ती निम्मं वर्ष झोपते आणि छाटणी एकदाच, थंडी सरता सरता. कॅबरने, शिराझ या नेहमीच्या वाइनच्या जाती विसरा; उणे २०-२५ला त्यांचे डोळे (काडीवरच्या कळ्या, जिथून कोंब फुटतो) जळतात. तिथे चालतात त्या मिनेसोटा विद्यापीठाने रानटी रिपारिया द्राक्षाच्या रक्ताच्या काढलेल्या जाती: फ्रॉन्टेनॅक (१९९६), मार्केट (२००६, हो, उच्चार बाजारासारखाच), पांढऱ्यात इटास्का (२०१७). नीट झोपलेली वेल उणे ३०च्या आसपासही तग धरते.

आम्हाला मारलं ते मे महिन्याने. मार्केट लवकर फुटते, आणि एका रात्री पाला पडला, म्हणजे दंव गोठलं. आपल्याकडे हरभऱ्यावर पडतो, धूर करत रात्र काढावी लागते, तोच. सकाळी उन्हं आली तसे बोटभर कोंब काळे पडून उकडलेल्या पालकासारखे लोळले. उताराच्या वरच्या ओळी मात्र हिरव्यागार! थंड हवा पाण्यासारखी वाहते आणि सखल जागी साचते. माती कितीही चांगली असो, खोलगट जागा घेऊ नका.

जानेवारीचा हिशोब मार्चमध्ये होतो. छाटणीआधी काड्या घरात आणून डोळे ब्लेडने आडवे कापायचे. आत हिरवा ठिपका तर जिवंत, तपकिरी तर गेला. मुख्य कोंबाला लागून राखीव कोंब असतात. मुख्य गेला की ते फुटतात, पण घड कमी धरतात. शंभरातले किती गेले ते मोजून छाटणीत तेवढे डोळे जास्त राखायचे. आमच्याकडे हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर, चहा घेत चालायचं.

आजूबाजूला मका नि सोयाबीन, थेट मालव्यात आल्यासारखं. शेजाऱ्याने मक्यावर टू-फोर-डी मारलं, वारा आमच्याकडे होता, पानं पंख्यासारखी आखडली. द्राक्षाला हे तणनाशक अजिबात सोसत नाही. रोपं मागवण्याआधी शेजाऱ्यांशी बोलून घ्या.

वायनरीची घाई नको. ८ बाय १० फुटांवर एकरी ५४० च्या वर वेली बसतात आणि बऱ्यापैकी पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर तिथलीच द्राक्षं विकत घेऊन घरी हात बसवावा. अमेरिकेत दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन चालतात, विकायची मात्र नाही; विकायला परवाना लागतो. खरी डोकेदुखी आंबटपणाची. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ला गेलं तरी फ्रॉन्टेनॅक खाऊन दात आंबतात. म्हणून मॅलोलॅक्टिक करून घ्यावं लागतं: जिवाणू सफरचंदातल्यासारखं मॅलिक आम्ल बदलून दह्यातलं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात.

आणि भावाला सांगा, जमीन पाहायला मे महिन्यात पहाटे पाचला जा. एजंट दुपारी बोलावेल.