क्रिस पॉलमुळे स्पर्स खरंच सुधारले, की नुसतं नावावर कौतुक चाललंय?

तुमचा प्रश्न असा आहे: क्रिस पॉल २०२४-२५ च्या मोसमात एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनिओ स्पर्सकडे आला तेव्हा ३९ वर्षांचा होता आणि सामन्याला सरासरी ८.८ गुण करत होता. मग संघ २२ विजयांवरून ३४ वर गेला याचं श्रेय चाहते त्याला का देतात? हे नावावर चाललेलं कौतुक नाही का?

'नावावर चाललंय' हे शब्द मी २००७ साली नागपुरात एका सिमेंटच्या कोर्टावर ऐकले होते, एका ३८ वर्षांच्या खेळाडूबद्दल. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी तुमच्यापुरतं सांगतो. नाही, नुसतं नावावर नाही. पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे आणून बाकीच्यांना खेळवणाऱ्या माणसाला, त्याच्या स्वतःच्या गुणांवरून मोजणं म्हणजे आचाऱ्याने स्वतः किती पोळ्या खाल्ल्या यावरून पंगत कशी झाली ते ठरवणं. त्या मोसमात पॉलचे सामन्यामागे ७.४ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतो असे पास) होते आणि चेंडू गमावणं दोनपेक्षाही कमी. ८२ च्या ८२ सामन्यांत तो सुरुवातीच्या पाचांत होता. विसाव्या मोसमात हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. आता त्याच्या आधीचं वर्ष आठवा. स्पर्सने जेरेमी सोहानला, म्हणजे मुळात फॉरवर्ड, पुढच्या फळीत खेळणाऱ्या पोराला, पॉइंट गार्ड म्हणून उभं केलं होतं. व्हिक्टर वेम्बन्यामासारखा जगावेगळा उंच खेळाडू हाताशी आणि त्याला वेळेवर चेंडू देणारा माणूस नाही. मी ते सामने इथे सकाळी साडेसहाला बघायचो. वेम्बी रिंगकडे धावतोय, हात वर आहे, आणि पास येतो तो तरी उशिरा, नाहीतर पाठीमागे. हे बघून माझा जीव तुटायचा, कारण असाच एक उंच पोरगा मी जवळून पाहिलेला आहे.

तो आमचा लंबू. सहा फूट चार इंच, तीन वर्षं क्लबात सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा. आम्ही बॉल वर फेकायचो आणि तो उडी मारायचा, एवढीच आमची योजना. मी तेव्हा १९ वर्षांचा, संघातला बारावा. म्हणून कोचने मला वही दिली होती: कुणी किती गुण केले, किती फाउल, ते लिहायचं. मॅच संपली की टेबलावरच्या अधिकृत स्कोअरशीटवरून मी वहीत उतरवून घ्यायचो.

त्या वर्षी जानेवारीत भैया आले. रेल्वेतले, बिलासपूरहून बदली होऊन, मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी त्यांच्या विभागाकडून गार्ड खेळलेले. उजव्या गुडघ्याला तपकिरी क्रेप बँडेज, केस पुढून विरळ झालेले. पहाटे साडेपाचला आले, अर्धा तास बोर्डामागे उभे राहून आम्हाला नुसते बघत होते. मग लंबूपाशी गेले आणि विचारलं, "तुले बॉल कुठं पाहिजे?"

लंबूला सांगता येईना. तीन वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन महिने भैयांनी त्याला दुसरं काही करू दिलं नाही. रिंगच्या उजव्या अंगाला, रिंगकडे पाठ करून, गुडघे वाकवून उभं राहायचं आणि बाहेरच्या हाताने बॉल मागायचा. भैया बॉल द्यायचे तो नेमका डिफेंडरपासून लांबच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. लंबू जागा सोडून बाहेर आला की बॉल मिळायचा नाही, मग तो कितीही ओरडो. मला म्हणायचे, "पास हातात नाही द्यायचा, हाताच्या पुढं द्यायचा. माणूस तिथं जाते." आणि मी बेंचवर त्यांच्या शेजारी बसलो असताना एकदा डोक्यात टपली मारून, "कुठं पाहून राहिला बे?"

"बॉलकडे."

"बॉलकडे सारं गाव पाहून राहिलं. तू बाकीचे पाह."

मे महिन्यात रात्रीच्या मॅचेस झाल्या. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री नऊलाही बुटातून जाणवायचं. कठड्यावर बसलेली मंडळी भैयांना रोज ऐकवायची, "काका, घरी जा!" कारण भैया फास्ट ब्रेकमध्ये, म्हणजे समोरचे परतायच्या आत धावून हल्ला करायचा तेव्हा, थांबायचे. समोर एकच डिफेंडर, आणि हा माणूस तीन गुणांच्या रेषेवर बॉल दाबून उभा. लोक बोंबलायचे. भैया बघत असायचे लंबूकडे, तो मागून किती आलाय. तो उजव्या अंगाला पोचला की बॉल तिथे हजर. भैयांच्या नावापुढे मॅचला कधी चार गुण, कधी सहा. एका मॅचला दोन.

सात मॅचेसमध्ये त्यांचे एकतीस गुण. आम्ही सेमीफायनलला हरलो, पण आमच्या क्लबासाठी तेही पहिल्यांदाच होतं.

पुढच्या स्पर्धेसाठी बारा नावं द्यायची होती. मॅनेजरने मला बोलावलं, "वही आण." त्यांनी भैयांच्या रकान्यावर वरून खाली बोट फिरवलं, बेरीज केली आणि म्हणाले, "सात मॅचमध्ये एकतीस. नावावर चाललंय." शेजारी माझा आतेभाऊ उभा होता. तो भैयांच्या मागचा गार्ड, वेगवान, शॉट चांगला, आत यायला उतावीळ. त्यानेही तेच म्हटलं, नावावर चाललंय.

मी काही बोललो नाही. त्याच वहीत सहा पानं मागे लंबूचे आकडे होते: भैया येण्याआधी मॅचला सरासरी नऊ, भैया आल्यावर सतरा. पाच फाउल होऊन बाहेर जाणं जवळजवळ बंद झालं होतं. मला ते माहीत होतं, मीच लिहिलं होतं. पण असिस्टला माझ्या वहीत रकाना नव्हता, कारण अधिकृत स्कोअरशीटवरही तो नसतो. तिथे गुण, फाउल आणि टाइमआउट. ज्याने बॉल दिला त्याचं नाव कागदावर कुठेच येत नाही.

भैयांना सांगितलं गेलं, गुडघ्याला आराम द्या. ते बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे परत आले आणि लंबूला पास देत उभे राहिले. दीड वर्षाने त्यांची पुन्हा बदली झाली.

त्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत १९ गुणांनी हरलो. आतेभावाने एकट्याने २२ केले. लंबूचे पाच, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचवा फाउल. त्याला बॉल मिळत होता रिंगपासून अठरा फूट लांब, तोही सगळे डिफेंडर जागेवर आल्यावर. मग तो डोकं खाली घालून आत घुसायचा आणि शिट्टी वाजायची. मॅनेजर म्हणाले, लंबूचा फॉर्म गेला. आतेभाऊ आजही म्हणतो, मी तर २२ मारले, आणखी काय करू?

आता परत स्पर्सकडे. पॉल आल्यावर वेम्बीची सरासरी २१.४ वरून २४.३ झाली. हे सगळं पॉलने केलं असं म्हणणारा मी नाही; २१ वर्षांचा पोरगा एका वर्षात वाढणारच. पण त्याला बॉल कुठे मिळतोय ते बघा. पॉल स्क्रीनवरून, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याला वळसा घालून, वळतो आणि आपल्या डिफेंडरला पाठीवर अडकवून ठेवतो. तो मागे लोंबकळत राहतो आणि पुढे समोरच्या संघाच्या एकट्या सेंटरला दोघांचं बघावं लागतं, पॉलचं आणि वेम्बीचं. पॉल घाई करत नाही. सेंटरने एक पाऊल पुढे टाकलं की बॉल वर. टाकलं नाही तर फ्री थ्रोच्या रेषेच्या उजव्या टोकावरून स्वतः शॉट घेतो, वीस वर्षं घेत आला तोच. आणि बॉल डेड असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, त्याच्याकडे बघा. कुणाला कोपऱ्यात सरकवतोय, कुणाला दोन पावलं मागे घेतोय, हात सतत चालू. नवखा स्टीफन कॅसल त्याच वर्षी रुकी ऑफ द इयर, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम नवखा, झाला. त्याला रोज सरावात हे समोर बघायला मिळालं, याची किंमत कोणत्या आकड्यात घालणार?

शिवाय तो मोसम सरळ गेलेलाच नाही. नोव्हेंबरमध्ये कोच ग्रेग पॉपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला. फेब्रुवारीत वेम्बीच्या खांद्यात रक्ताची गुठळी निघाली आणि ४६ सामन्यांवर त्याचा मोसम संपला. त्याच महिन्यात संघात आलेल्या डिअॅरन फॉक्सला पुढच्याच महिन्यात बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेर बसावं लागलं. तरी ३४. त्या पडझडीत जो माणूस रोज सुरुवातीपासून उभा होता, तो हा ३९ वर्षांचा.

हे एकाच संघात झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने सगळं मोडून नव्याने बांधायला घेतलं तेव्हा तो तिथे गेला, आणि संघ ४४ विजय मिळवून प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत. त्याच मोसमातला मिनेसोटाविरुद्धचा सामना आठवा. १.१ सेकंद शिल्लक, समोरच्या संघाच्या जॉर्डन बेलचा शर्ट चड्डीत खोचलेला नाही, हे पॉलने रेफरीला दाखवलं. त्यावरून खेळ लांबवल्याबद्दल टेक्निकल फाउल, एक फ्री थ्रो, आणि शेवटी ओव्हरटाइममध्ये विजय. कुणी म्हणेल हा रडीचा डाव. माझ्या मते नियम पाठ असणं हाही खेळच आहे, आणि त्याचाही स्कोअरशीटवर रकाना नाही. मग फिनिक्स: २०१० नंतर प्लेऑफ न पाहिलेला संघ, तो आला त्याच वर्षी ५१ विजय, २१ पराभव आणि थेट अंतिम फेरीत. त्याच्या पुढच्या वर्षी ६४ विजय.

इथे नेहमी एक उदाहरण अंगावर येतं, त्याचंही बोलू. २०२१ ला क्लिपर्सविरुद्ध वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचे (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेचे) पहिले दोन सामने पॉल कोविडच्या नियमांमुळे बाहेर होता आणि फिनिक्स दोन्ही जिंकलं. त्याच्या जागी कॅमेरॉन पेनने दुसऱ्या सामन्यात २९ केले. मग पॉल कशाला हवा? मला हे उदाहरण उलट्या बाजूने दिसतं. वर्षभर बसवलेली घडी दोन सामन्यांत विस्कटत नाही. भैयांना काढल्यावर पहिली मॅच आम्हीही जिंकलो होतो. आणि ती मालिका संपवणाऱ्या सहाव्या सामन्यात पॉलने ४१ केले. ज्यांना गुणच मोजायचे आहेत त्यांनी तेही मोजावेत.

तुम्हाला खरंच पारखायचं असेल तर एक क्वार्टर असा बघा की बॉल ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघायचंच नाही. बाकीच्या चौघांना शॉट कुठून मिळाला तेवढं लिहा. मग तो बेंचवर असतानाचा एक क्वार्टर तसाच लिहा. प्लस-मायनसवर, म्हणजे तो खेळत असताना संघ किती गुणांनी पुढे की मागे राहिला या आकड्यावर, फार भिस्त ठेवू नका. म्हातारा खेळाडू चांगल्या चौघांबरोबर खेळला की तो आकडा फुगतो, राखीव पोरांबरोबर खेळला की बुडतो.

आता ज्या गोष्टी माझ्या विरुद्ध जातात त्या. डिफेन्समध्ये ३९ वर्षांचे पाय लपत नाहीत. तरणे गार्ड त्याच्या अंगावरून जायचे आणि मागे वेम्बी आहे म्हणून ते खपायचं. वेम्बी बाहेर गेल्यावर ते उघडं पडलं. ३४ विजय म्हणजे ४८ पराभवही आहेत, प्लेऑफ मिळालेलं नाही. आणि असा माणूस प्रत्येक घरात नांदतो असंही नाही. स्पर्सनंतर तो क्लिपर्सकडे गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी त्याला मोसमाच्या मधेच घरी पाठवलं. तिथे सगळेच मुरलेले खेळाडू, आपली जागा कुठली हे त्यांना शिकवायला कुणी नको होतं. ज्या संघात 'तुला बॉल कुठे पाहिजे' या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नाही, तिथे हा माणूस सोन्याचा. बाकी ठिकाणी तो एक थकलेला गार्ड असू शकतो, हे मी मान्य करतो.

पण आतेभावाचं मी मान्य करत नाही. तो हे उत्तर वाचतो, मला माहीत आहे. तुझे २२ मी स्वतः लिहिलेत आणि ते खरे आहेत. आता त्याच पानावर खाली बघ. बाकीच्या सगळ्यांचे मिळून २९. भैया असताना सात मॅचेसमध्ये बाकीच्यांची बेरीज एकदाही ५० च्या खाली आलेली नाही. वही माझ्या कपाटात आहे. कधीही ये.