टेबल ताजं, डेटा शिळा

प्रश्न : आमच्या ऑर्डर दर तासाला बिगक्वेरीत (गूगलची डेटा साठवायची सेवा) भरल्या जातात. डेटा किती ताजा आहे हे कळावं म्हणून क्लाउड शेड्यूलरवरून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सेवा) दर १५ मिनिटांनी एक फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालवतो. ते टेबलाची ‘शेवटचा बदल’ ही वेळ वाचतं. आकडा कायम चांगला येतो, पण रिपोर्टात कालच्याच ऑर्डर दिसतात. असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘शेवटचा बदल’ म्हणजे टेबलाला शेवटचा हात कधी लागला, एवढंच. लोडरने (डेटा भरणाऱ्या प्रोग्रॅमने) कालचीच फाइल पुन्हा भरली तरी ती वेळ पुढे सरकते. तुम्हाला हवी आहे ऑर्डरच्या वेळेच्या कॉलममधली सर्वांत अलीकडची वेळ. आत्ताच्या वेळेतून ती वजा करा आणि येतील ते सेकंद नोंदवा.

पार्टिशन (टेबलाचे वेळेनुसार पाडलेले भाग) याच कॉलमवर असेल तर क्वेरीत, म्हणजे टेबलाला विचारलेल्या प्रश्नात, ‘गेले ४८ तास’ ही अट हवीच. नाहीतर दिवसातून ९६ वेळा अख्खा कॉलम वाचला जाईल, आणि बिलही तसंच येईल. अट घातली की एक नवा खड्डा तयार होतो : ४८ तासांत एकही ओळ आली नसेल तर उत्तर ‘नल’, म्हणजे रिकामं, येतं. कोडमध्ये त्याचं शून्य झालं तर भरणा पूर्ण बंद असताना डॅशबोर्ड ‘एकदम ताजं’ म्हणेल. ‘नल’च्या जागी १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण ४८ तास, लिहा.

आकडा उणे १९,८००च्या आसपास दिसला तर अ‍ॅप भारतीय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून लिहितंय. साडेपाच तासांचे तेवढेच सेकंद होतात. फंक्शनमध्ये तेवढे सेकंद मिळवून झाकपाक करू नका. वेळ जिथे लिहिली जाते तिथेच दुरुस्त करा.

आता इशाऱ्याची मर्यादा. भरणा तासाला आणि त्याला १० मिनिटं लागत असतील, तर पुढचा भरणा पोचेपर्यंत डेटाचं वय ७० मिनिटं होणारच. ६० मिनिटांवर इशारा लावलात तर तो दर तासाला वाजेल आणि आठवड्याभरात कुणी बघणार नाही. ९० ठेवा. शाखा अनेक असतील तर शाखावार मोजा, कारण एक शाखा बंद पडली तरी बाकीच्यांच्या ऑर्डर एकत्र आकडा ताजाच ठेवतात.

प्रश्न : रात्री ऑर्डरच नसतात, तेव्हा खोटा इशारा येतो. आणि फंक्शनच बंद पडलं तर? – तेच वाचक

उत्तर : लोडरने प्रत्येक यशस्वी फेरीनंतर, शून्य ओळी आल्या तरी, एका वेगळ्या टेबलात वेळ नोंदवावी. रात्रीचा इशारा त्या नोंदीवर लावा, दिवसाचा ऑर्डरच्या वेळेवर. फंक्शनसाठी क्लाउड मॉनिटरिंगमध्ये (गूगलची देखरेख सेवा) ‘मेट्रिक (नोंदवलेला आकडा) आलंच नाही’ या प्रकारची अट असते. ती ४० मिनिटांवर लावा, म्हणजे एखादी फेरी हुकली तरी लगेच ओरड होणार नाही.