जुन्या फोनोग्राफवर मालकाचा हात

प्रिय मित्रास सप्रेम आशीर्वाद,

तू पाठवलेली एडिसन स्टँडर्ड फोनोग्राफची, म्हणजे नळकांड्यासारख्या सिलिंडरवरचे ध्वनिमुद्रण वाजवणाऱ्या जुन्या यंत्राची, छायाचित्रे बारकाईने पाहिली. यंत्र ‘मूळ’ आहे का, असे तू विचारले आहेस. पण शंभर वर्षे वापरात आणि अडगळीत काढलेल्या यंत्रात काहीच फेरफार नसणे दुर्मीळ असते. त्यामुळे कोणता फेरफार कोणी आणि साधारण केव्हा केला, हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

आरंभ धातूच्या पाटीपासून कर. तिच्यावरील पेटंटच्या तारखांपैकी शेवटची तारीख यंत्र त्याआधीचे नाही एवढेच सांगते. पुष्कळ विक्रेते तिलाच निर्मितीचे वर्ष म्हणून खपवतात. तुझ्या पाटीवर मॉडेल बी आहे, म्हणजे हे यंत्र दोन मिनिटांच्या मेणाच्या सिलिंडरसाठी घडवलेले होते. चार मिनिटांचे अँबेरोल सिलिंडर १९०८ साली आले. जुन्या सिलिंडरवर इंचाला १०० खाचा असत, नव्यावर २००. आणि आपले जुने ग्राहक तुटू नयेत म्हणून कंपनीने जुन्या यंत्रांना बसवण्याचे गिअर व रिप्रोड्यूसर (सिलिंडरच्या खाचेवर सुई टेकवून आवाज काढणारा भाग) यांचे संचही विकले. तुझ्या यंत्रातील जादा गिअर त्यातले असतील, तर तो फेरफार खरा, पण कंपनीच्याच सुट्या भागांनी केलेला आणि त्या काळातला. अशा यंत्राला ‘बिघडवलेले’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

याची पडताळणी डोळ्यांनी करण्यापेक्षा मोजून कर. रिप्रोड्यूसर काढून ठेव, गती मिनिटाला १६० फेऱ्यांवर आण आणि रिप्रोड्यूसर धरणारा सरकता हात मिनिटाभरात किती पुढे जातो, ते पोलादी पट्टीवर पाहा. दोन मिनिटांच्या गिअरवर तो १.६ इंच सरकला पाहिजे, चार मिनिटांच्या गिअरवर बरोबर निम्मा, ०.८ इंच. अंतर निम्मे होत नसेल, तर कोणीतरी जुळेल ते चाक बसवले असण्याची शक्यता आहे. रिप्रोड्यूसरवरील अक्षरही वाचून घे: सी दोन मिनिटांचा, एच चार मिनिटांचा, के दोन्हींचा. हिऱ्याची सुई मात्र मेणाच्या सिलिंडरवर कधीही टेकवू नकोस.

आता पेटीच्या पुढच्या कडेची दोन भोके. भिंगातून त्यांच्या आतली बाजू पाहा. लाकूड आतपर्यंत काळवंडलेले असेल आणि कडांवर जुने वार्निश किंवा तेलकट धूळ बसलेली असेल, तर भोके जुनी. आत फिकट, ताजे ओक दिसले तर अलीकडची. जुनी निघाली तरी ती कारखान्यातली असतीलच असे नाही, कारण मोठा कर्णा आणि त्याचा आधारदांडा मालक मागाहून विकत घेत, आणि फिलाडेल्फियाच्या हॉथॉर्न अँड शेबलसारख्या कंपन्यांचा तोच धंदा होता. स्टार स्क्रू दिसला तर प्रश्नच मिटला: ते १९३० च्या दशकात प्रचारात आले.

रंगाबाबत संशयी राहा. काळ्या एनॅमलवरची सोनेरी रेघ टवका उडालेल्या जागेवरूनही अखंड जात असेल, तर ती नंतर ओढलेली आहे. पेटीवरील एडिसनच्या नावाची पट्टी ओरखड्यांच्या वर बसली असेल, किंवा लाकडाचे कोपरे पॉलिशपेपरने गोलसर झाले असतील, तरी हेच समज. कर्ण्याच्या चकाकीला भुलू नकोस. चोरबाजारातल्या तबकडीच्या ग्रामोफोनवरचे नवे पितळी कर्णे तू पाहिलेलेच आहेस.

एवढे झाले तरी लगेच काही काढू नकोस. आधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र घे आणि स्क्रू कुठला कुठे होता ते लिहून ठेव. अलीकडचा ठरलेला भाग काढलास, तरी चिठ्ठी बांधून यंत्रासोबतच ठेव, आणि चार मिनिटांच्या गिअरला मोजणी होईपर्यंत हात लावू नकोस. मोजणीचे आकडे मला कळव.