वाचक विचारतात: १८-०-१८ टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, मी कोथरूडला राहतो. टीडीए २०३० (अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी) चे दोन बोर्ड घेऊन घरीच स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बनवलाय, स्पीकर ४ ओहमचे. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ (मधल्या वायरपासून दोन्हीकडे १२-१२ व्होल्ट) तीन अँपिअर, चार ४००७ डायोड, आणि प्लस-मायनस दोन्हीकडे एकेक २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कॅपॅसिटर. बेस जोरात आला की आवाज फाटतो, मीटर लावला तर गप्प असताना १७.६ व्होल्ट दिसतात ते १२ वर येतात. शिवाय गाणं बंद, व्हॉल्यूम शून्य, तरी स्पीकरमधून गुंऽऽ चालूच, रात्री तर पलंगावर पडल्यापडल्या ऐकू येतं. सेंटर टॅपची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची मधली, वायर मी पत्र्याच्या कॅबिनेटला इनपुट सॉकेटच्या स्क्रूखाली आवळलीये, तिथेच जागा होती. मित्र म्हणतो १८-०-१८ पाच अँपिअर टाक आणि १०,००० चे चार कॅपॅसिटर लाव, दोन्ही प्रॉब्लेम जातील. टाकू का?

उत्तर: १८-०-१८ अजून आणला नसेल तर आणू नका, आणला असेल तर दुकानदार बदलून देतो का बघा. १८ ला १.४१ ने गुणायचं, डायोडचा एक व्होल्ट वजा करायचा, साडेचोवीस झाले, आणि ट्रान्सफॉर्मरवर लोड नसताना किंवा रात्री मेन्स २४० च्या वर गेला की २६-२७ सहज. साध्या २०३० ची मर्यादा प्लस-मायनस १८, शेवटी ए असलेल्याची २२. ह्या आयसीला शॉर्टपासून आणि गरम होण्यापासून प्रोटेक्शन आहे, जास्त व्होल्टेजपासून नाही, त्यामुळे दोन्ही आयसी एकदमच जातील. तुमचे १७.६ म्हणजे तुम्ही आत्ताच उंबरठ्यावर उभे आहात.

मित्राचं चुकलं कुठे, तर त्याने दोन वेगळ्या दुखण्यांना एकच गोळी दिली.

आधी बेस. ४ ओहमवर १४ वॉट म्हणजे एका चॅनलला पीकला अडीच अँपिअरच्या वर, दोन्ही चॅनल धरून प्रत्येक बाजूने सरासरी पावणेदोनच्या आसपास करंट ओढला जातो. मेन्स ५० हर्ट्झ, सेकंदाला १०० वेळा कॅपॅसिटर भरतो, म्हणजे मधले १० मिलिसेकंद त्याने एकट्याने भार सोसायचा. १.७ गुणिले ०.०१ भागिले ०.००२२, साडेसात व्होल्टच्या पुढे जातं! प्रत्यक्षात थोडं कमी असतं, पण फाटणारच की आवाज. तेच १०,००० लावले तर हिशेब पावणेदोन व्होल्टवर येतो. म्हणजे कॅपॅसिटर वाढवा हे मित्राचं बरोबर आहे, फक्त चार नकोत, बाजूला एक पुरे, ३५ व्होल्टचा. आणि ते ४००७ काढा हो, एक अँपिअरचे डायोड ते, मोठे कॅपॅसिटर चालू होताना जो झटका घेतात त्यात कधीतरी जातील. केबीपीसी २५१० चा चौकोनी ब्रिज (चार डायोड एकाच डबीत) मिळतो, तो कॅबिनेटला स्क्रूने बसवा.

एवढं करून परत मोजा. बेसला अजूनही १४ च्या खाली येत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. खरा १२-०-१२ तीन अँपिअर म्हणजे २४ गुणिले ३, ७२ व्हीए (व्होल्ट-अँपिअर), तो हातात किलोभर तरी लागतो. पासोड्या विठोबापाशी किंवा तपकीर गल्लीत घ्यायला गेलात तर भाजीसारखा हातात तोलूनच घ्या. कॅपॅसिटरचंही तेच, २२०० वाल्याच्याच साइजचा १०,००० कोणी काढून दिला तर गुपचूप परत ठेवायचा.

आता गुणगुण, आणि खरी गंमत इथे आहे. गप्प असताना दोन आयसी मिळून जेमतेम ०.१ अँपिअर खातात, तेवढ्यावर तुमच्या आत्ताच्या २२०० मध्येसुद्धा रिपल (सप्लायच्या व्होल्टेजची चढउतार) अर्ध्या व्होल्टच्या आत आहे, आणि सप्लायवरची घाण आयसी साधारण तीनशे पटीने कमी करतो. उरतात एक-दीड मिलिव्होल्ट, ते पलंगापर्यंत येत नाहीत. तुमची गुणगुण येतेय त्या स्क्रूखालून. कॅपॅसिटर सावकाश भरत नाही, साइनच्या टोकाला तो छोट्या छोट्या घोटांत करंट पितो, घोट सरासरीच्या कितीतरी पट मोठे, आणि ते सेंटर टॅपच्या वायरमधून परत जातात. तुम्ही ती वायर इनपुटच्या ग्राउंडवरून फिरवलीत. पत्रा आणि वायर मिळून ०.०१ ओहम रेझिस्टन्स धरा, एक अँपिअरचा घोट धरा, १० मिलिव्होल्ट झाले, आणि हे इनपुटला आहेत म्हणून बोर्ड त्यांना तीसेक पटीने मोठं करून स्पीकरला देतो. वर १०,००० लावले की घोट आणखी अरुंद आणि आणखी उंच होतात, म्हणजे ह्याच वायरिंगवर गुणगुण वाढण्याचीच शक्यता जास्त. मी स्वतः एका गणपतीत मंडळासाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला तीन वेळा कॅपॅसिटर वाढवले, दर वेळी आवाज जास्त, शेवटी विसर्जनाच्या आदल्या रात्री एक वायर हलवली आणि गप्प.

तर सेंटर टॅप सरळ दोन मोठ्या कॅपॅसिटरच्या जोडावर न्या, अधेमधे कुठे टेकवू नका. त्या जोडावरून एकच जाड, आखूड वायर दुसऱ्या एका पॉइंटवर, आणि तिथून प्रत्येक बोर्डचं ग्राउंड आणि स्पीकरच्या परतीच्या वायर वेगवेगळ्या. इनपुट सॉकेटला प्लॅस्टिक वॉशर घालून पत्र्यापासून सोडवा, त्याचं ग्राउंड शील्डमधून बोर्डलाच जाऊ दे. कॅबिनेटला तीन पिनची अर्थिंग हवीच, आणि ग्राउंड पॉइंट पत्र्याला एकाच जागी जोडा. मायनस बाजूच्या कॅपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो, इथे भलेभले चुकतात आणि मग खोलीभर वास.

प्रायमरीला अर्धा अँपिअरचा स्लो फ्यूज टाका आणि पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजला लावा. घरी नसेल तर रविवारी जुन्या बाजारात शोधा. बल्ब भप्पकन पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. परत हात घालायच्या आधी मीटरने बघून घ्या की कॅपॅसिटर रिकामे झालेत, आणि प्रत्येकावर २.२ किलोओहमचा अर्धा वॉटचा रेझिस्टर कायमचाच लावून टाका.

प्रश्न: टीपीए ३११६ (हाही अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी) च्या बोर्डला जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर चालेल का? (हडपसर)

उत्तर: बिनधास्त. ह्या आयसीला २६ पर्यंत चालतं, आणि १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर म्हणजे ६५ वॉट, दिवाणखान्याला भरपूर. फक्त वरचं वाचून मध्ये १०,००० चा कॅपॅसिटर घालू नका, चालू होताना अ‍ॅडॅप्टरला तो शॉर्टच वाटतो आणि तो बसतो चालू-बंद होत. गाणी लॅपटॉपवरून लावताना चिर्र ऐकू आलं तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, गेलं की समजा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाऊन झालेला फेरा) आहे, ऑडिओ केबलमध्ये छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला की काम होतं.