‘कॅरल ऑफ द बेल्स’चा ‘संयोजक’ कोण?

प्रश्न असा आहे: नाताळच्या समूहगानाच्या एका कार्यक्रमपत्रिकेत ‘कॅरल ऑफ द बेल्स – पारंपरिक, संयोजक : विल्हौस्की’ असे छापले होते. संयोजक म्हणजे कार्यक्रम भरवणारा ना? आणि कॅरलला ‘नाताळगीत’ म्हटले तर चालेल का?

दुसरे आधी उरकतो. चालेल, पण थोडे सैल बसेल. ‘नाताळ’ आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्याचा अर्थ जन्म. ‘कॅरल’ जुन्या फ्रेंचमधल्या ‘कारोल’वरून आला, तो होता फेर धरून गात केलेला नाच. म्हणजे मुळात आपल्या भोंडल्याच्या जवळचा प्रकार! येशूजन्माशी त्याची गाठ नंतर पडली.

या गाण्यात तर मुळात ना येशू, ना घंटा. हे युक्रेनी लोकगीत, नाव ‘श्चेद्रिक’. ‘श्चेद्री’ म्हणजे उदार, सढळ हाताचा. जुन्या ज्युलियन पंचांगातल्या वर्षअखेरीच्या संध्याकाळी घरोघर जाऊन यजमानाला भरभराट चिंतणारी जी गाणी म्हणत, त्यांना ‘श्चेद्रिवका’ म्हणतात. नाताळची गाणी वेगळी, ती ‘कोल्यादका’. श्चेद्रिकमध्ये एक भिंगरी (वसंतात परतणारा छोटा पक्षी) उडत येते, चिवचिवते आणि धन्याला हाक मारते: बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्या व्यायल्यात. ऐन थंडीत भिंगरी कुठून आली? फार पूर्वी तिकडे नवे वर्ष वसंतात सुरू होई, त्याची ही खूण मानतात.

आता ‘संयोजक’. रेकॉर्डिंग स्टुडिओत ‘अरेंजर’ म्हणतात, म्हणजे तयार चालीभोवती वाद्यांची किंवा आवाजांची जुळणी करणारा, तो हा. हिंदी चित्रपटसंगीतातले सेबास्टियन डिसोझांसारखे गोव्याचे अरेंजर आठवा. मराठीत ‘संगीत संयोजक’ रुळलेला आहे, पण ‘संगीत’ गाळले की प्रश्नकर्त्यासारखा घोटाळा होणारच.

माझी खरी तक्रार मात्र नावाबद्दल आहे. लोकांकडून आलेली धून म्हणजे चार सुरांचा एक तुकडा. खालचा सूर सा धरला तर कोमल ग, रे, कोमल ग, सा. बस्स. तो तुकडा अखंड फिरता ठेवून त्याच्याभोवती बाकीचे आवाज चढवत नेण्याची करामत मिकोला लिओंतोविच या युक्रेनी संगीतकाराची. डिसेंबर १९१६ मध्ये कीवमधल्या विद्यार्थी गायकवृंदाने ती प्रथम सादर केली. ओलेक्सांद्र कोशेत्स यांच्या वृंदाने ती परदेशी नेली आणि ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली. लिओंतोविच तेव्हा हयात नव्हते. जानेवारी १९२१ मध्ये, आईवडिलांच्या घरी मुक्कामाला असताना, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने त्यांना गोळी घातली होती.

पीटर विल्हौस्की हे अमेरिकेतले वृंदसंचालक. त्यांना त्या चार सुरांत घंटा ऐकू आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी पूर्णपणे नवे इंग्रजी शब्द बसवले. भिंगरी उडाली, मेंढ्या गेल्या, नाताळ आला. शब्द उत्तम बसलेत, यात वाद नाही. पण ‘पारंपरिक’ आणि ‘विल्हौस्की’ या दोन शब्दांच्या मध्ये लिओंतोविच गडप होतात.

वृंदासाठी आवाज रचणाऱ्याला मी ‘संयोजक’पेक्षा ‘वृंदरचनाकार’ म्हणेन. संयोजनात नुसती मांडामांड केल्याचा वास येतो. पत्रिका माझ्या हाती असती तर ओळ अशी छापली असती: ‘श्चेद्रिक’ – मूळ धून : युक्रेनी श्चेद्रिवका; वृंदरचना : मिकोला लिओंतोविच; इंग्रजी शब्द : पीटर विल्हौस्की.