एकाच गालाला खळी का?

प्रश्न : मॅडम, मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. परवा दोघी सख्ख्या बहिणींचे स्थळासाठी फोटो काढले. थोरलीला हसताना फक्त डाव्या गालावर खळी पडते, धाकटीचं तोंड उजवीकडं जास्त ओढतं. आई मागनं सारखी, "अगं, नीट हस की!" शेवटी मलाच म्हणाली, कॉम्प्युटरवर सरळ करून द्या. असं हसू सवयीनं सुधारतं का?
— एक छायाचित्रकार, कोल्हापूर

उत्तर : त्यांच्या आईला माझा निरोप द्या, पोरी नीटच हसताहेत.

तालमीतल्या पोराच्या दंडाची बेटकुळी दोन्ही टोकांना हाडाला बांधलेली असते. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू मात्र हाडावरून निघून थेट कातडीत शिरतात, आणि ते कुठं शिरतील हे माणसागणिक बदलतं. मी शरीररचना शिकवायचे तेव्हा चेहऱ्याचं विच्छेदन आलं की पोरांच्या डोक्यावर उभं राहावं लागे. हे स्नायू पातळ, चरबीत मिसळलेले. सुरी जरा खोल गेली की कातडीबरोबर सोलून यायचे, आणि पोरं "मॅडम, ह्या बॉडीला हा स्नायूच नाही" म्हणून मोकळी! कधीकधी ते खरंही असायचं. ओठाचा कोपरा बाजूला ओढणारा रिसोरियस काहींना नसतोच, काहींना एकाच बाजूला असतो.

आता खळी. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू येतो. काहींत त्याचे दोन पदर होतात. त्यातला एक वाटेतच कातडीला चिकटलेला असला की हसताना कातडी तिथं आत ओढली जाते. असे पदर एकाच गालात असले तर खळीही एकाच गालाला. थोरलीचं बहुधा हेच. धाकटीच्या दोन बाजूंचं बळ कमीजास्त असणार.

आरशासमोर सराव करून थोडा फरक पडतो, नटमंडळी करतातच. पण स्थळाच्या फोटोसाठी कशाला? फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय, मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. पुढच्या वेळी आईला चहाला पाठवा आणि धाकटीला कॅमेऱ्यामागं उभी करा.

आणि फोटो सरळ करू नका, त्याला आणखी एक कारण आहे. जन्मापासूनचा तिरपेपणा निराळा आणि अचानक आलेला निराळा. तोंड एकाएकी वाकडं झालं, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातनं गळायला लागलं, डोळा मिटेना, तर तो चेहऱ्याच्या नसेचा लकवा असू शकतो किंवा मेंदूचा झटका. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी दवाखाना, त्याच घटकेला गाठायचं. तिथं डॉक्टर हमखास विचारतात, "पूर्वीचा एखादा फोटो आहे का?" तो तुमच्याच स्टुडिओतला निघाला आणि तुम्ही हसू सरळ करून ठेवलेलं असलं, तर त्याचा उपयोग शून्य.