तुझ्या साइटचा माल नेमका कोणता?

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. एआय आल्यापासून तुझ्या गोव्यातल्या होमस्टेंच्या साइटवर येणारी माणसं आटली, मोठ्या बुकिंगवाल्यांनी तेच होमस्टे कमी रेटला लावले, मग आता सगळं बंद करून पर्वरीत नोकरी धरू का, म्हणतेस. धर की. पण आधी सांग, तू विकत काय होतीस?

अमेरिकेतल्या चेग कंपनीचं बघ. पोरांना अभ्यासाची उत्तरं द्यायची, पैसे घेऊन. 2023 च्या मे महिन्यात त्यांच्या सीईओनेच सांगितलं की चॅटजीपीटीमुळे नवीन गिऱ्हाईक कमी येतंय, आणि एका दिवसात शेअर जवळजवळ निम्म्यावर. चॅटजीपीटी येऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते! त्यांचा माल म्हणजे उत्तर, तेच फुकट मिळायला लागलं. 2024 पासून गूगलसुद्धा सर्चच्या पानावर वरतीच एआयचं उत्तर देतं, मग खाली लिंकवर कोण जातंय? तुझे ते 'दिवाडी बेटावर काय बघाल' वाले लेख गेले असंच समज. मेहनतीने लिहिलेस, माहिती आहे मला, तरी गेले.

फोन उचलणं मात्र गेलेलं नाही. पुण्याची फॅमिली रात्री रायबंदरच्या धक्क्यावर उभी आहे, दिवाडीला पूल नाही, शेवटची फेरीबोट सुटलीय, पोरगं रडतंय. तिथे चॅटबॉट छान चार वाक्यं देईल, पण अलीकडच्या काठावर त्या रात्रीपुरती खोली कोण बघून देणार? पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या झोपड्या पावसाआधी मोडतात, जुलैत तिथलं बुकिंग मागणाऱ्याला 'नको, येऊ नका' असं कोण सांगणार? जो सांगेल, जो फोन उचलेल, त्याचंच गिऱ्हाईक. बाकी सगळं कोणीही कॉपी करतं गं, आज एआय, उद्या आणखी कोणी.

मला हट्टी म्हणतात लोक. माझा भागीदार म्हणायचा, फोनवरची माणसं काढ, खर्च वाचेल, सगळे तेच करतायत. नाही काढली. तो वेगळा झाला, अजून बोलणं नाही आमचं, आणि ते मला लागतं. पण फोन उचलायचा म्हणजे उचलायचा. ज्यांचा एकदा रात्री उचलला ते परत येताना कुठलं ॲप उघडत नाहीत, थेट नंबर लावतात, म्हणून माझं दुकान आज चालू आहे. हे मी तुला पटवतोय की त्याला, देव जाणे, पण खरं आहे.

आणि ते 'आपणही एआय लावूया का' पुन्हा विचारू नकोस! लाव, मेसेज लिहायला लाव, हिशेबाला लाव. फोनवर लावू नकोस.

उद्या सकाळी तुझ्या होमस्टेवाल्यांना एकेक करून फोन कर. मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का, गाडी दारापर्यंत जाते का, रात्री घरात कोण असतं, सगळं लिहून काढ आणि मला पाठव. नोकरीचं मग बोलू.